नकाशातलं पाणमांजर

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. मागून कापड लावलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला आणि शाळेच्या भूगोलाच्या खोलीत फळ्याशेजारी टांगलेला. एक अख्खं राज्य माझ्या अंगावर आहे, त्यामुळे थोडा ताठा मला आहेच.

मला काढणारा नकाशाकार फार काटेकोर होता, म्हणून मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या राज्याची राजधानी दोनदा हलली, कारण नदीनेच दोनदा पात्र बदललं. डोंगरावरचा किल्ला लढाईत कधी पडला नाही. विहीर आटली म्हणून रिकामा झाला. पूर्वेच्या खाऱ्या तळ्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि नदीच्या खडकाळ डोहांत पाणमांजरं लेकुरवाळ्या संसारासह राहतात. शिक्षकांकडून हे ऐकताना मुलं डोळे मोठे करून माझ्याकडे बघत आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

कौतुकानेच माझा घात केला. प्रत्येक मुलाला आधी आपलं गाव दाखवायचं असतं. तीस वर्षं बोटं एकाच जागी टेकत राहिली आणि शेवटी तिथे भोक पडलं. गाव गेलं, जवळचा डोह गेला, डोहाकडची वाटही गेली. मग मला गुंडाळून कपाटामागे टाकलं. दोन वर्षं मी कसर लावून घेत पडून होतो.

चित्रकलेच्या सरांना माझी दया आली. त्यांनी भोकावर नवं कापड चिकटवलं, त्यावर गाव आणि डोह पुन्हा काढले आणि डोहाच्या डाव्या काठावर एक देखणं पाणमांजर रंगवलं, अगदी मिशांसकट. पण त्यामुळे वाटेला जागा उरेना. फाटक्या कडेला खरी वाट थोडीशी शिल्लक होती, ती डाव्या काठाची, उंचावरची. सरांनी तिच्यावर रंग फिरवला आणि वाट उजव्या काठाला नेली. "इथे बरी दिसते," असं ते पुटपुटले. उजवा काठ म्हणजे नुसती सखल वाळू. सगळ्यांनी सरांची वाहवा केली. मीही पुन्हा भिंतीवर आलो म्हणून खूश होतो, हे कबूल करतो.

यंदा भूगोलाच्या बाई नवीन आल्या. सातवीच्या सत्तावीस मुलांना पाणमांजरं दाखवायची म्हणून त्यांनी माझ्यावरची वाट कागदावर उतरवून घेतली. सर तिथेच ब्रश पुसत होते. मुलांना घरून डोहाकडे कधी जाऊ देत नसत, त्यामुळे वाट चुकीची आहे हे त्यांनाही कळणार नव्हतं.

दुपारी सव्वातीनला वनरक्षक धापा टाकत आला. मुख्याध्यापिका आणि सर माझ्यासमोरच उभे होते.

"चार वाजता धरणाचे दरवाजे उघडणार आहेत. नदीकडे कोणी गेलंय का?"

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. "सातवीचा वर्ग गेलाय. पाणमांजरं बघायला. तिथे फोनही लागत नाही."

"डोहावर ना? मग घाबरू नका. वाट डाव्या काठाने उंचावरून जाते, तिथवर पाणी चढत नाही. मी खालच्या वस्तीला सांगून येतो."

मुख्याध्यापिकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याला पाणी दिलं. माझा मात्र जीव टांगणीला लागला. वस्ती एका दिशेला होती आणि डोह दुसऱ्या. मी मुका, दांडीला खिळलेला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा रंगच उडाला. ते तोंड उघडत होते, पुन्हा मिटत होते. वनरक्षकाने पेला ठेवला, हेल्मेट घातलं आणि तो दारापर्यंत पोचला.

"थांबा," सर म्हणाले. "ही वाट मी चुकीची काढलीय."

"म्हणजे?"

"खरी डावीकडेच होती. मला चित्राला जागा हवी होती, म्हणून मी ती उजवीकडे घेतली. बाईंनी हीच उतरवून नेलीय. मुलं वाळूत असतील."

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"हो."

"वस्तीला तुम्ही फोन करा," असं मुख्याध्यापिकांना सांगत वनरक्षक पळाला. सर त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले.

चारला धरणाचा भोंगा वाजला. मुख्याध्यापिका बाकावर बसत होत्या, उठत होत्या. मी घड्याळाकडे बघत राहिलो. साडेपाचला चिखलाने माखलेली मुलं आली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी दारात उभं राहून ती दोनदा मोजली. सत्तावीस भरली. मुलं सांगत होती, वनरक्षकाने आणि सरांनी शेवटच्या मुलीला कड्यावर ओढून घेतलं तेव्हा वाळू पाण्याखाली गेली होती. दप्तरं वाहून गेली होती. बाई तो कागद मुठीत चुरगाळून कितीतरी वेळ माझ्यासमोर बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गासमोर ते पाणमांजर आणि ती वाट, दोन्ही स्वतःच्या हाताने ब्लेडने खरवडून काढली. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आता तिथे कोरं कापड आहे. मुलं विचारतात तेव्हा सर म्हणतात, "इथलं सगळं मला माहीत नाही. आपण वनरक्षककाकांना विचारून काढू."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर सांधा, पुसा, उजेडात ठेवा. पण जे खरं नाही किंवा माहीत नाही ते आमच्यावर रंगवू नका. कोऱ्या जागेपाशी माणूस थांबतो आणि विचारतो. रंगवलेल्या वाटेवर तो मुलांना घेऊन निघतो.