पहारेकऱ्याची प्रत

ऑफिसात त्याला सगळेच भाऊजी म्हणत. त्या मजल्यावरच्या एकोणीस माणसांत त्याची मेव्हणी खरं तर एकच होती, बायकोची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी त्यानेच शब्द टाकून तिला तिथे चिकटवलं होतं. पहिल्याच दिवशी तिने चार टेबलांपलीकडून, प्रिंटर कुठे आहे म्हणून, भाऊजी अशी हाक मारली आणि तेव्हापासून शिपायापासून मालकीणबाईंपर्यंत सगळ्यांचा तो भाऊजी झाला. त्याला ते आवडायचंही. एवढी मोठी सासुरवाडी कुणाच्या नशिबात असते, असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे.

त्या कंपनीत माल बांधायच्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहीत. वरच्या मजल्यावर लिहायचं, खालच्या मजल्यावर चाचणीघरात खऱ्या यंत्रावर चालवून बघायचं. यंत्र म्हणजे बारा सरकते पट्टे आणि शेवटच्या पट्ट्याच्या टोकाला पुठ्ठा कापायचं पातं. पातं चांगलं हातभर लांब होतं, आणि ते खाली येताना आवाज करत नसे.

त्या महिन्यात विभागप्रमुख काम सोडून जाणार होते. त्यांच्या खुर्चीसाठी दोनच नावं होती, भाऊजी आणि मेव्हणी. बायकोला विचाराल तर तिला त्यात गंमत वाटत होती. कुणालाही मिळाली तरी खुर्ची घरातच राहणार, असं ती दोघांनाही सांगायची. भाऊजीला मात्र गंमत वाटत नव्हती. तो बावन्न वर्षांचा होता. पस्तिशीपर्यंत त्याने फिटरचं काम केलं होतं, मग संध्याकाळच्या वर्गात, निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून प्रोग्रामिंग शिकला. या खेपेला खुर्ची हुकली तर पुन्हा त्याचं नाव कुणी काढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंत्राचा जुना कोड सगळा त्याच्या हातचा. पट्टे बारा, म्हणून प्रत्येक हुकमासाठी त्याने बारा पट्ट्यांवरून फिरणारा वेगळा फेरा लिहिला होता. चालू करायचा एक, हळू करायचा एक, थांबवायचा एक, तेल सोडायचा एक. लांबलचक होता, पण चालत होता.

मेव्हणीने तो मोडला. तिने एकच फेरा लिहिला. कुठलीही यादी द्या, कुठलंही काम द्या, यादीतल्या प्रत्येकावर ते काम करून येणार. अडचण एवढीच होती की अशा फेऱ्याला काम सुटं लागतं, हातात उचलून देता येईल असं. पण इथली सगळी कामं मेंबर फंक्शनं होती, आणि मेंबर फंक्शन सुटं नसतं. ते कुणाचं तरी असतं, आणि मालकाशिवाय हाक मारली तर जागचं हलत नाही. मग तिने पुडी बांधली. मालक आणि त्याचं काम दोन्ही एकत्र गुंडाळले की ती पुडी स्वतःच एखाद्या फंक्शनसारखी वागते, तिला फंक्शन ऑब्जेक्ट म्हणतात. पुडी फेऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. पट्टे बारा असोत की बाराशे, कोड तेवढाच.

मालकीणबाईंनी भर बैठकीत दोन्ही कोड शेजारी शेजारी लावले आणि म्हणाल्या, भाऊजी, तुमची चाळीस पानं हिने एका पानात बसवली की हो. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने भाऊजी हसला. घरी आल्यावर तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. बायकोने ओवा दिला.

त्या कंपनीचा एक नियम होता. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा आणि त्यावर ‘पाहिलं, ठीक’ अशी नोंद करायची. त्याशिवाय कोड खाली जात नसे. मेव्हणीचा कोड वाचायला भाऊजीकडेच आला.

मंगळवारी दुपारी त्याने तो उघडला. वाचता वाचता त्याला कौतुक वाटलं आणि त्याचाच राग आला. आपण शिकवलेली पोरगी आपल्या पुढे किती लांब गेली, हे ओळीओळीला कळत होतं. आणि मग एकशे चौदाव्या ओळीवर तो थांबला.

तिथे पहारेकरी होता. पहारेकरी म्हणजे कोडमधला एक ऑब्जेक्ट, ज्याच्याकडे ‘अडव’ नावाचं काम होतं. लाल बटण दाबलं की पहारेकऱ्याने एकेका पट्ट्याला अडवायचं आणि स्वतःपाशी तशी खूण करायची. मोटारी आणि पातं त्या खुणेकडे बघून थांबणार. मेव्हणीने पहारेकरी आणि ‘अडव’ यांची पुडी बांधून फेऱ्याला दिली होती. पण बांधताना पहारेकऱ्याचा पत्ता द्यायचा, तिथे तिने पहारेकरीच दिला. पत्ता दिला नाही तर पुडी मूळ माणूस आत घेत नाही, त्याची प्रत काढून घेते. म्हणजे खुणा सगळ्या प्रतीपाशी होणार आणि खरा पहारेकरी दाराशी कोराच्या कोरा उभा राहणार. मोटारी त्यालाच विचारणार. तो म्हणणार, मला कुणी काही सांगितलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या चाचणीत ही चूक दिसलीच नव्हती, कारण तिथे तिने पुडीलाच विचारलं होतं, अडवलंस का. प्रत बिचारी खरं बोलली, हो, अडवलं.

हीच चूक भाऊजीने फार वर्षांपूर्वी केली होती. अकरा दिवस शोधत होता. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो ती हकीकत सांगायचा, मेव्हणीलाही सांगितली होती. पण ऐकलेली गोष्ट आणि आपल्याच बोटांतून उतरलेली ओळ यांची ओळख पटायला वेळ लागतो. त्याला स्वतःला ती दुरून ओळखू आली. दुरुस्तीला पत्त्याचं एकच चिन्ह पुरलं असतं.

त्याने चहा मागवला, प्यायला, पुन्हा ती ओळ वाचली. मग स्वतःशी हिशेब मांडला. चाचणीघरात कुणाचा जीव जात नाही. पट्ट्यावर माणूस नसतो. फार तर चारचौघांत नाक खाली होईल. ती चौतिशीची आहे, तिला अजून दहा खुर्च्या मिळतील. असं सगळं मनाशी नीट लावून त्याने ‘पाहिलं, ठीक’ अशी नोंद केली आणि वेळेवर घरी गेला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

चाचणीघराचा कारभार वस्तादाकडे होता. वस्तादाच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, उरलेली दोन कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यात, कुणाच्या तरी कोडमुळे गेली होती. तेव्हापासून त्याने एक रीत घातली होती आणि मालकीणबाईंनीही ती मोडली नव्हती. नवा कोड पहिल्यांदा चालवायचा तेव्हा लिहिणाऱ्याने स्वतःची वस्तू पट्ट्यावर ठेवायची. टाकाऊ चालायची नाही. गेली तर घरी जाऊन सांगावं लागेल अशी वस्तू हवी. वस्तू पात्यापासून वीतभर अंतरावर आली की लाल बटण दाबायचं, तेही लिहिणाऱ्यानेच. कुणी नवे बूट ठेवले होते, एकाने लग्नातला फोटो ठेवला होता. वस्ताद म्हणायचा, पोटात गोळा आल्याशिवाय माणूस कोड नीट तपासत नाही.

शुक्रवारी सकाळी सगळे खाली जमले. मालकीणबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. भाऊजीला वाटलं होतं, मेव्हणी तिचा डबा ठेवेल नाहीतर छत्री. ती पट्ट्यापाशी गेली आणि तिने खांद्यावरची शाल काढली.

शाल भाऊजीच्या बायकोने विणलेली होती. करड्या लोकरीची, कडेला बारीक पानं. दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे जायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेमतेम वर्ष हातात आहे. त्या वर्षात तिने धाकट्या बहिणीसाठी ही एक शाल विणली, खिडकीशी बसून, शेवटी शेवटी तर बोटांनीच टाके मोजत. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. सुया तिने शेजारणीला देऊन टाकल्या होत्या.

मेव्हणीने शाल घडी करून पट्ट्यावर ठेवली, वरून हात फिरवला आणि त्याच्याकडे वळली.

"भाऊजी, तुम्ही सगळं वाचलंत ना?" ती म्हणाली. "वाचलं असेल तरच ठेवते. ताईची आहे."

ती हसत होती. वस्ताद त्याच्याकडे बघत होता, मालकीणबाई बघत होत्या. तोंड उघडून एकशे चौदा एवढा आकडा उच्चारला असता तरी पुरलं असतं. पण मग मंगळवारची नोंद कशी केलीत, असं कुणीतरी विचारलं असतं. खुर्ची तर गेलीच असती, वर तोंड दाखवायलाही जागा राहिली नसती.

"वाचलं," तो म्हणाला. "ठेव."

पट्टे चालू झाले. शाल एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी शांतपणे पुढे सरकत गेली. बाराव्या पट्ट्यावर पात्यापासून वीतभर अंतर राहिलं तेव्हा मेव्हणीने बटण दाबलं. शेजारच्या स्क्रीनवर बारा हिरव्या ओळी उमटल्या, अडवला, अडवला, अडवला. पट्टा चालतच राहिला. पातं खाली आलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं. वस्तादाने धावत जाऊन भिंतीवरचा मोठा खटका ओढला तोवर शालीचे पाच तुकडे पलीकडच्या खोक्यात पडले होते. सहावा पात्यात अडकून लोंबत होता, धागा धागा उसवत.

मेव्हणी रडली नाही. ती खोक्याजवळ गेली, तुकडे गोळा केले आणि छातीशी धरून उभी राहिली. मालकीणबाई कठड्यापासून पुढे आल्या. हा कोड कुणी तपासला होता, असं त्यांनी आवाज न चढवता विचारलं. भाऊजीने घसा साफ केला. नजरेतून सुटलं, असं म्हणायचं त्याने ठरवलंच होतं.

त्याच्या आधी मेव्हणीच बोलली. भाऊजींनी तपासला तो कोड बरोबर होता, ती म्हणाली. त्यानंतर मी ती ओळ बदलली आणि त्यांना दाखवली नाही. मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं, न दाखवता खाली आणलास? ती हो म्हणाली. वस्ताद जमिनीवर थुंकायचा तेवढा राहिला. जुन्या नोंदी कुणी उघडून पाहिल्या असत्या तर ती ओळ मंगळवारपासून तशीच होती हे दिसलं असतं. पण कबूल करणाऱ्याचं कोण तपासत बसतं? दुपारी चारच्या सुमारास मालकीणबाईंनी भाऊजीला काचेच्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. घरातली असली तरी तिला जरा दाबात ठेवा, असंही सांगितलं.

तो बाहेर पडला तेव्हा ती जिन्यात उभी होती. हातात कागदी पिशवी होती. तो काय बोलावं हे शोधत राहिला आणि त्याला एवढंच सापडलं, की तू माझ्यासाठी एवढं करायला नको होतंस.

"तुमच्यासाठी?" ती म्हणाली. "बटण दाबताना मी पात्याकडे बघत नव्हते, तुमच्याकडे बघत होते. शाबासकी द्याल म्हणून. तुम्ही मी बटण दाबायच्या आधीच डोळे मिटलेत."

त्याने पिशवीसाठी हात पुढे केला.

"ताईला रोज तुमचा हात धरून न्हाणीघरात जावं लागतं. तो हात कसला आहे हे तिला मी का सांगू? मी ताईशी खोटं बोलणार नाही आणि खरंही माझ्या तोंडून सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा, सर."

सहा वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच सर म्हटलं होतं. तिने पिशवी काखेत धरली आणि ती खाली उतरून गेली. तुकडे त्याला दिले नाहीत.

घरी बायकोने त्याची पावलं जिन्यातच ओळखली होती. दार उघडं होतं. कुणाला, असं तिने आधी विचारलं. मला, तो म्हणाला. तिने हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला, गाल दाबले आणि धाकटी हिरमुसली असेल म्हणून लगेच तिची काळजी करायला लागली. मग आठवण झाल्यासारखी म्हणाली, ती आज मी विणलेली शाल घेऊन जाणार होती ना, काल फोनवर सांगत होती. मी तिला म्हटलं, ठेव खुशाल, भाऊजींनी तपासलंय म्हणजे काय बिशाद आहे यंत्राची.

"वाचली शाल," तो म्हणाला. शब्द तोंडातून निघाल्यावर त्यालाच नवल वाटलं, किती सहज निघाला म्हणून.

ती खुश झाली. धाकटीला आत्ताच फोन लावा म्हणाली, रविवारी जेवायला बोलावते, शाल घालून ये म्हणते, किती दिवसांत हात फिरवला नाही. त्याने आज नको, ती दमली असेल, उद्या बघू, असं बरंच काही सांगून पाहिलं. पण तिने टेबलावर चाचपून फोन घेतला. धाकटीचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. अगं, वाचली ना शाल, बायको म्हणाली. मग ती थांबली. पलीकडून फार काही बोलणं झालं नसावं, कारण लगेचच तिने फोन कानापासून खाली घेतला आणि तो हातात तसाच धरून ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "ती म्हणते, भाऊजींना विचार."

खोलीत दिवा होता, पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता. तिने चेहरा दाराकडे वळवला, मग खिडकीकडे, मग कपाटाकडे. आवाजाशिवाय तिला तो सापडत नसे. अहो, तिने पुन्हा हाक मारली, कुठे आहात? तो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने श्वास धरून ठेवला आणि पाय जराही हलवला नाही.