विंगेतला श्वास

प्रॉम्प्टरचं काम मोठं विचित्र. नट अडला की त्याला पुढचं वाक्य पोचवायचं, पण ते त्याच्याशिवाय कुणाच्या कानावर पडता कामा नये. विंगेतल्या स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, मी अर्धं आयुष्य हेच करत आले. अशा कामात दमा असणं म्हणजे चोराला शिंका येण्यासारखं आहे. गेल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात मला अशी ढास लागली, की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून विंगेकडे पाठवून दिली.

दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. वयाने माझ्या मुलाएवढा, पण बोलताना माझ्या सासऱ्यांसारखा. म्हणाला, "बाई, नव्या नाटकात एकदा जरी खोकला ऐकू आला, तर मी राजांच्या कानात यंत्र बसवतो. आत बसून कुणीही वाक्यं सांगेल. सुंठीवाचून खोकला गेला." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मला हसू आलं नाही. घरी बसून मी काय भिंतींना वाक्यं सांगू?

राजे म्हणजे आमचे मुख्य नट. तरुणपणी सतत मुकुट घालून वावरले, म्हणून ते नाव चिकटलं. आता मुकुट गेला, केस गेले आणि पाठांतरही जायला लागलं होतं. पण त्यांचं टायमिंग अजून असं, की नवे नट ते बघायला विंगेत गर्दी करायचे. नव्या नाटकात ते निवृत्त न्यायाधीश होते. ओळखीच्या माणसासाठी जाणूनबुजून चुकीचा निकाल दिल्याची कबुली ते तिसऱ्या अंकात मुलीसमोर देतात, आणि सगळं नाटक त्या कबुलीवर उभं होतं.

डॉक्टरांनी माझे दम्याचे पंप बदलून दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा दम लागला तर, आणि तो कायम जवळ ठेवायचा. "व्यायाम शिकलात म्हणून पंप सोडायचा नाही," असं बजावून त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. ती एक चुणचुणीत मुलगी निघाली. तिने माझा एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या श्वास." मी असा घेतला की खांदे कानाला लागले.

"एवढा कशाला घेता काकू? साठवून ठेवणार आहात का?"

"दम लागतो म्हणजे हवा कमी पडते ना?"

"तसं वाटतं खरं. पण दम्यात नळ्या आकसतात आणि आतली हवाच पुरती बाहेर जात नाही. जुनी गेली नाही तर नवी बसणार कुठे? आधी सोडायला शिका."

मी थक्क झाले. जन्मभर मी घेण्याच्या मागे लागले होते आणि अडलं होतं सोडण्यापाशी. तिने दाखवलं तसं मी केलं. तोंड मिटून नाकाने हळू आत, तेव्हा पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा नाही. मग गरम चहा निववताना करतो तसे ओठ करून, घ्यायला लागला त्याहून जास्त वेळ लावून बाहेर. सोपं वाटतं, पण माझ्या नाकी नऊ आले.

"आता काम करताना कसा घेता ते बघू," असं म्हणत तिने माझी संहिता उचलली आणि न्यायाधीशाची वाक्यं वाचायला लागली. वाचन असं, की स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतेय. एका वाक्याच्या मध्येच ती थांबली. मी वाट बघत राहिले.

"काकू, श्वास घ्या."

मी श्वास घेतलाच नव्हता.

"मी थांबले की तुमचाही थांबतो," ती म्हणाली. "आणि प्रत्येक वाक्याच्या आधी तुम्ही तोंडाने हा एवढा श्वास ओढता. वाक्य मी म्हणायचं आणि श्वास तुम्ही घ्यायचा, हा काय प्रकार आहे?"

एकदा किडा डोक्यात शिरला की मला चैन पडत नाही. पुढच्या तालमीला मी नाटकाऐवजी स्वतःवर नजर ठेवून बसले. काय सांगू! नायिका रडली की माझे हुंदके, नोकर धावत आला की धाप मला. राजे संतापले की मी धापा टाकतेय आणि राजे थांबले की मीही कोंडून घेतेय. स्टेजवर सहा माणसं आणि सगळ्यांचे श्वास घेणारी मी एकटी. इतकी वर्षं मी पडद्याच्या धुळीला शिव्या घालत होते. धूळही निर्दोष नव्हती, पण निम्मा गुन्हा माझा होता.

मग मी हट्टाला पेटले. सकाळी सुनेबरोबर भरभर चालायला लागले. सून गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे चालतानाही मी वळणावर जरा वेग घेतला की तिचा पाय आपोआप ब्रेक दाबायला जायचा. फिजिओने नेम घालून दिला होता. आधी थोडं हळू चालून अंग तापवायचं, मग वेग असा धरायचा की बोलता यावं पण गाता येऊ नये. थंडी असली तर नाकावर रुमाल. छाती आवळली तर थांबायचं आणि पंप घ्यायचा, शौर्य दाखवायचं नाही.

"आई, बोलून दाखवा काहीतरी," सून म्हणायची.

मला बोलायला विषय लागत नाही. मी अख्खा अंक म्हणायचे, न्यायाधीश, मुलगी, नोकर, सगळे. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ आम्हाला बघून रस्ता ओलांडायला लागले.

"आता गाऊन बघा."

मी गाऊन बघायचे आणि अर्ध्या ओळीत दम संपायचा. "बरोबर आहे वेग," सून म्हणायची. "तसाही तुम्ही गायला नकोच."

हळूहळू जिना चढताना कठड्याची आठवण येईनाशी झाली. तालमीत मी नाकाने, पोटाने, माझा माझा श्वास घेऊ लागले. स्टेजवर कुणी रडो, कुणी मरो. खोकला नाही की घरघर नाही. दिग्दर्शकाने दोनदा विंगेत डोकावून मी जिवंत आहे ना ते पाहिलं. मी मनातून हवेत होते.

आणि राजे अडखळायला लागले.

सुरुवातीला इथे-तिथे, मग जिथे ते कधीच अडले नव्हते तिथे. मी वाक्य दिलं की ते म्हणायचे, पण उशिरा, दाराची बेल वाजल्यावर दचकून उठावं तसे. टायमिंग पार गेलं. तालीम संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, आज तुम्ही होतात का विंगेत?"

"स्टुलाला चिकटून होते. का?"

"तुम्ही असल्यासारखं वाटत नाही हल्ली."

मला हे कोडं सुटेना. मी तीच, स्टूल तेच, कुजबूजही तीच. मग काय बदललं? बदलला होता फक्त श्वास. मी गंमत म्हणून करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कबुलीच्या आधी मी जुना, तोंडाने ओढलेला मोठा श्वास घेतला. राजे ताडकन बोलले, "त्या माणसाला मी ओळखत होतो." नेमक्या क्षणी, अंगावर काटा येईल असं. पुढच्या वाक्याला मी नाकाने घेतला आणि राजे गप्प. त्याच्या पुढच्याला पुन्हा तोंडाने, आणि राजे पुन्हा सुरू. ज्या टायमिंगवर लोक टाळ्या वाजवत होते ते इतकी वर्षं माझ्या दम्यावर चाललं होतं.

आधी मला फार हसू आलं आणि मग धडकी भरली. तसा श्वास घेत राहिले तर तिसऱ्या अंकापर्यंत ढास लागणार आणि मी घरी. नाही घेतला तर राजे अडणार, कानात यंत्र येणार आणि तरीही मी घरीच. इकडे आड, तिकडे विहीर.

मी राजांना सरळ सगळं सांगितलं. ते आधी भडकले. "म्हणजे माझा अभिनय तुमच्या फुप्फुसात आहे?" मग खुर्चीत बसले. नंतर हळूच म्हणाले, "फक्त तिसऱ्या अंकापुरता घ्याल का, पूर्वीसारखा?"

हा माणूस कधी कुणापुढे वाकलेला मी पाहिला नव्हता. मला भरून आलं. हो म्हणावंसं इतकं वाटलं, की मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"राजे, वाक्य तुम्हाला हवं तेव्हा देईन. श्वास मात्र तुमचा तुम्ही घ्या. माझा मला पुरत नाही."

"जमेल मला या वयात?"

"मला जमला. उद्या सकाळी चालायला या."

ते आले, गळ्यात मफलर आणि चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव घेऊन. सुनेने त्यांना मधे घेतलं. ते वाक्य म्हणायचे, अडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी नाकासमोर बघत चालायचे. "इकडे काही मिळणार नाही," असं सुनेने त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रोज तेच. कधी वाक्य यायचं, कधी नाही. पुष्कळदा नाहीच.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. दिग्दर्शक समोरच्या विंगेत उभा होता आणि ते यंत्र त्याच्या मुठीत होतं. दोन अंक बरे गेले. राजे दोनदा अडले, मी वाक्य दिलं, निभावलं. तिसरा अंक आला. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" आणि राजे थांबले.

थांबायचंच होतं, पण थांबणं लांबलं. त्यांची नजर विंगेकडे वळली. खांदे वर गेले होते. श्वास कोंडला होता, अगदी माझा कोंडायचा तसा. वाक्य माझ्या ओठांवर होतं, ते दिलं असतं तर त्यांनी दचकून म्हटलं असतं आणि नाटक पडलं असतं. तो जुना श्वास माझ्या घशाशी आला. एक श्वास, काय बिघडतं? छाती उचलायला लागली. समोर दिग्दर्शकाने मूठ उघडून ते यंत्र मला दाखवलं.

मी ओठांचा चंबू केला आणि हळूहळू हवा सोडत गेले, संपेपर्यंत. राजे बघत होते. मग त्यांचे खांदे खाली आले. प्रेक्षागृहात कुणी हललं नाही. त्या शांततेत मला स्टेजवरून एक आवाज आला, नाकातून सावकाश आत जाणारा. एवढ्या वर्षांत राजांचा श्वास मी कधी ऐकलाच नव्हता. त्याच्या जागी नेहमी माझाच असायचा.

"त्या माणसाला," राजे म्हणाले, "मी ओळखत होतो."