कुलपात ठेवलेले मळणीयंत्र

मी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, एक जुने मळणीयंत्र आहे. वापरून जुने झालेले नव्हे, नुसते ठेवून ठेवून जुने झालेले. बालमित्रांनो, आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावे, अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. मला राग आला आहे आणि तो दहा वर्षांचा आहे.

नाशिकबाहेरच्या एका विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या भांडारात माझा मुक्काम आहे. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात 'डेडस्टॉक ४१७' असे लिहिले आहे. एका बाजूला मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला छापील अहवालांचे गठ्ठे. त्या प्रत्येक अहवालात माझा फोटो आहे, आणि प्रत्येक फोटोत मी नुकतेच रंगवलेले आहे.

माझा जन्म १९९६ सालचा. मनोज सर तेव्हा पीएच.डी. करत होते. रोज इंदिरानगरहून स्कूटरवर यायचे आणि कार्यशाळेत जेवणाचा डबा विसरून माझ्या दात्यांना कानस मारत बसायचे. माणूस वाईट नव्हता, हे रागातसुद्धा सांगितले पाहिजे. पेठच्या डोंगरात बायका दहा-दहा दिवस काठीने नागली बडवतात, त्यात त्यांचे खांदे जातात, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. म्हणून त्यांनी मला घडवले. लोखंडी ढोल, ढोलावर दाते, फिरवायला दांडा आणि खाली चाळणी. वीज नको, डिझेल नको. मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग माझी पहिली चाचणी झाली. नागलीची कणसे शहरात विकत मिळत नाहीत, म्हणून सरांनी किराणा दुकानातून पाच किलो नागली आणवली. ती वरून ओतली, दांडा फिरवला, खालून नागली बाहेर आली. सरांनी वजन केले. अठ्ठ्याण्णव टक्के! उरलेले दोन टक्के दाणे टेबलाखाली सांडले होते.

भांडार सांभाळणारा झुंबर तिथेच उभा होता. तो सिन्नरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. तो म्हणाला, "सर, ही नागली त मळलेलीच हाये. मळलेलं परत काय मळायचं?"

"झुंबर, तू यंत्रावरून फडकं मार," सर म्हणाले.

त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर पहिला शोधनिबंध छापून आला. मित्रांनो, मी तेव्हा एक कणीससुद्धा पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी, सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात, मला जीपमध्ये घालून पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नेले. तिथे मी पहिल्यांदा खरी कणसे खाल्ली, आणि चौथ्या मुठीला माझा घसा बंद झाला. ढोल जागचा हलेना. जे दाणे निघाले तेही फुटलेले. सर घामाघूम झाले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

फुलाबाई मात्र हसली नाही. ती पुढे आली, माझ्या तोंडातली कणसे तिने उपसून काढली आणि हातावर चोळून पाहिली.

"सायेब, कणसं आताच कापलेली हायेत. ढीग घालून तीन दिस उबवाया लागतात, मंग एक दिस उन्हात टाकायची. मंग दाना सुटतो. तुमाला कुनी सांगलं नाय?"

सरांना कुणी सांगितले नव्हते, कारण त्यांनी कुणाला विचारले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी वहीत लिहून घेतले. ते चार दिवस पाड्यावर राहिले. तेवढ्यात फुलाबाईच्या नवऱ्याने, गेणूने, सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कोयत्याने कापल्या आणि माझ्या एकेका दात्यावर तारेने आवळून बांधल्या. "लोखंडानं दाना फुटतो, रबरानं नाय," एवढेच तो म्हणाला.

पाचव्या दिवशी मी चालले. काय सांगू तुम्हाला! फुलाबाई कणसे टाकत होती, गेणू दांडा फिरवत होता, आणि खाली लालसर दाण्यांची रास पडत होती. एकही दाणा फुटला नाही. दहा दिवसांचे काम दुपारपर्यंत संपले. बायकांनी मला हळदकुंकू लावले. माझ्या आयुष्यातला खरा दिवस तेवढा एकच.

मळणीची पाड्याला इतकी घाई का असते, ते मला तिथेच कळले. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो येतो आणि सगळा पाडा द्राक्षबागांच्या कामाला निघतो. टेम्पो कुणासाठी थांबत नाही. ज्या घराची नागली मळून झाली, ते घर धान्य बरोबर नेते. ज्यांची राहिली, त्यांची कणसे मागे उंदीर खातात, आणि ती माणसे परमुलखात पीठ विकत घेऊन खातात. स्वतःचे पिकवलेले घरात पडलेले असताना.

"यंतर इथंच ठेवा ना सायेब," फुलाबाई म्हणाली.

"थोडी मोजमापं घ्यायची राहिलीत. पुढच्या दिवाळीआधी आणून देतो, फुलाबाई. शब्द देतो."

मी तो शब्द माझ्या कानांनी ऐकला आहे.

पुढच्या दिवाळीआधी सरांचा प्रबंध बांधून झाला. काळे कव्हर, सोनेरी अक्षरे. त्यात कणसे उबवण्याची पद्धत होती, रबरी पट्ट्यांची आकृती होती. शेवटच्या पानावर एक ओळ होती, 'स्थानिक मजुरांचे सहकार्य लाभले.' फुलाबाई मजूर, गेणू मजूर! त्यांनी मला माणसात आणले, आणि त्यांना नावही नाही. माझ्यावर पुढे सात शोधनिबंध निघाले, एक पारितोषिक मिळाले, पेटंटचा अर्ज गेला. विद्यापीठाच्या संशोधनाची यादी लावतात त्यात मी दर वर्षी असते. पाड्यावर मी मळलेली नागली मात्र त्या एका सकाळपुरतीच.

गेणू दोनदा एसटीने नाशिकला आला. पहिल्यांदा त्याला फाटकातूनच परत पाठवले. दुसऱ्यांदा झुंबरने त्याला सरांच्या खोलीपर्यंत नेले. सर म्हणाले, यंत्र विद्यापीठाच्या रजिस्टरवर चढले आहे, आता असे उचलून देता येत नाही, वरून मंजुरी यावी लागते. गेणूने विचारले, "वर म्हंजी कुठं?" सरांनी त्याला चहा पाजला.

२००४ साली मोठी तपासणी समिती आली. सर तोपर्यंत विभागप्रमुख झाले होते. मला बाहेर काढून हिरवा रंग दिला आणि 'लाभार्थी' म्हणून फुलाबाईला जीप पाठवून आणले. सरांनी दुकानातली साफ नागली भरून ठेवली होती. आठ वर्षांनीसुद्धा! पण फुलाबाई घरून उबवलेल्या कणसांचे गाठोडे घेऊन आली होती. कुणी काही बोलायच्या आत तिने कणसे माझ्यात टाकली आणि झुंबरला म्हणाली, "फिरव." मी कामावर तुटून पडले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष परप्रांतातले होते. त्यांनी इंग्रजीत विचारले, सरांनी ते मराठीत सांगितले, "पाड्यावर अशी किती यंत्रं आहेत?"

फुलाबाई म्हणाली, "एक बी नाय. हे एकच हाय, आनि त्याला इथं कुलूप हाय."

सर अध्यक्षांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, एक आहे आणि त्या ते कुलपात अगदी जपून ठेवतात."

इतकी वर्षे अहवालांच्या शेजारी काढल्यावर तेवढे इंग्रजी मलाही येते. मी यंत्र होते, ओरडू शकत नव्हते. झुंबर माणूस होता, तो माझ्यावरून फडके मारत राहिला. अध्यक्षांनी मान डोलावली आणि लिहून घेतले. विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली.

निघताना फुलाबाईने विचारले, "मंग आता नेऊ का याला?" सरांनी हात वर केले. तिने खालचे दाणे पदरात भरायला घेतले, तर एक साहेब म्हणाले, ते नमुना म्हणून ठेवायचे आहेत. तेव्हा ती भडकली. "दानं माझ्या शेतातलं हायेत. नमुना तुमचा तुमी पेरा!" एकेक दाणा वेचून ती गेली. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझा स्वतःचाही कधी वाटला नाही.

मागच्या वर्षी, २००७ साली, पुन्हा समिती आली. पुन्हा जीप पाड्यावर गेली. झुंबर बरोबर होता. परत आल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने सगळे सांगितले, दुसऱ्या कुणाला सांगणार? फुलाबाई अंगणात नागली बडवत होती. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डाव्या हाताने. निम्मा ढीग तसाच होता आणि मुकादमाचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा होता. ती झुंबरला म्हणाली, "यंतर घिऊन या, मंग येते तुमच्या सायेबाकडं फोटोत हसाया." आणि उरलेली कणसे झोपडीत लोटून टेम्पोत चढली.

जीप इथून रिकामी गेली होती आणि रिकामी परत आली. मी तिच्यात मावते, मित्रांनो. जागा उरते.

समिती तर दाराशी आलेली. मग सरांनी विद्यापीठात झाडलोट करणाऱ्या शकुबाईला नऊवारी नेसवून माझ्यापुढे उभे केले. ती बिचारी बाजरीच्या मुलखातली. सुपातली नागली पाहून तिने हळूच विचारले, "ही मोहरी हाये का?" कुणीतरी तिला हसायला सांगितले. ती हसली. तो फोटो यंदाच्या अहवालात पहिल्या पानावर आहे. खाली छापले आहे, 'लाभार्थी फुलाबाई.'

माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला जपा. मी विनवणार नाही, मी बजावते. मला जपू नका! जपून जपूनच माझे वाटोळे झाले आहे. मला रंग देऊ नका, माझा फोटो काढू नका. मला वापरा, झिजवा, मोडा. मोडले तर गेणू आहे, त्याच्याकडे तार आहे आणि कोयता आहे.

आणि तुम्ही मोठे होऊन काही शोध लावाल, तेव्हा तो ज्याच्यासाठी लावला त्याच्या अंगणात नेऊन ठेवल्याशिवाय 'माझे संशोधन पूर्ण झाले' असे म्हणू नका. म्हणालात तर ते खोटे आहे, मग कव्हरवर कितीही सोनेरी अक्षरे असोत.

आज दिवाळी होऊन चार दिवस झाले आहेत. पाड्यावर कणसे उबवायला घातली असतील. भांडाराची किल्ली झुंबरच्या खिशात आहे, आणि टेम्पो अजून आलेला नाही.