पाणी सारजानं दिलं नव्हतं

मी लिंबोणीच्या मुळात राहणारा एक जीवाणू बोलतोय. जंतू म्हटलं की तुम्ही आधी औषधाची बाटली शोधता, म्हणून सांगतो, मी रोग नाही. आम्ही झाडाचं खातो आणि खाल्ल्या मिठाला जागतो. त्या जागण्यानंच सगळा घोटाळा केला.

लोणी भापकरला हिंदुराव तात्यांची चाळीस झाडांची लिंबाची बाग आहे. माझा जन्म तिथलाच. बागेचं दारं धरायची त्यांची सून सारजा. पाटाचं पाणी झाडाझाडाला वळवायची आणि झाडांशी गप्पाही मारायची.

शहाण्णवच्या डिसेंबरात तात्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इंदापूरला लेकीकडे निघाले. जाताना म्हणाले, "सारजा, बाग ताणावर सोडलीय. मी येस्तवर थेंब न्हाय द्यायचा."

ताण म्हणजे मुद्दाम पाणी तोडणं. पानं पिवळी पडून गळायला लागली की मग पाणी सोडायचं, म्हणजे झाड फुलानं लगडतं. ही माणसांची रीत आम्हाला कोण सांगणार? झाड तहानलंय, एवढंच कळलं. आम्ही मुळांना खोल पिटाळलं, मुरमातली ओल शोधून दिली. महिनाभरात एक पान पिवळं पडलं नाही. केवढी फुशारकी वाटली मला!

तात्या परतले आणि हिरवीगार बाग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बहार गेला. लपून पाणी पाजलंस न्हवं?"

"न्हाय तात्या. दाऱ्याला हात लावला न्हाय."

"मग पानं काय वाऱ्यावर हिरवी ऱ्हायली?"

तात्यांनी तिच्या हातचं जेवण सोडलं. नवव्या दिवशी सारजा ताट पुढं सरकवून म्हणाली, "व्हय, दिलं मी. दया आली. आता जेवा."

पाप आमचं, पदरात घेतलं तिनं.

पुढच्या हिवाळ्यात बाग पुन्हा ताणावर सोडून तात्या स्वतः राखणीला बसले. या खेपेला जरा आखडतं घ्या, असं मी भाईबंदांना विनवलं. पण तहानलेलं मूळ समोर असताना कुणाला राहवतंय? बाग हिरवीच राहिली. तात्या बुंध्याशी बसून बराच वेळ मातीकडे बघत होते. सारजानं पाणी दिलं नव्हतं, हे त्यांना कळलं होतं.

त्याला दोन वर्षं झाली. तात्यांनी घरात त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. सारजा बागेत येत नाही. आणि आम्ही एकाचे दोन, दोनाचे चार होत वाढतो, तसा आमचा अपराधही वाढतो.

तात्या, मला तोंड असतं तर उंबऱ्याशी येऊन कबूल झालो असतो. तुम्हाला तर आहे. सारजा चुलीपुढं भाकऱ्या थापतेय. उठा, जा.