नवमीच्या पाटावरची हिरवी बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. लगेच दचकू नका, मित्रांनो. माझी नळी म्हणजे रंगपंचमीची पिचकारी, मूठ जळालेल्या ड्रिल मशीनची आणि पोटातल्या तारा बिघडलेल्या रेडिओच्या. अंगावरचा चंदेरी रंग एका बाजूने उडाला आहे. लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात मी भिंतीवर टांगलेली असते. टांगलेली असले तरी स्वस्थ मात्र नसते. सारखी चुळबुळ चालू असते माझी. का, ते सांगते.

मला घडवलं मंजुश्रीनं. मिलचे मालक मन्मथअप्पा तिचे वडील. ती नववीत असताना शाळेच्या विज्ञान नाटिकेत परग्रहावरच्या पाहुण्याला किरण-बंदूक हवी होती. तिनं दोन रविवार खपून मला तयार केलं. माझ्या तोंडाशी एक लाल बल्ब होता. चाप ओढला की तो बिचारा मिणमिण पेटायचा. तरी टाळ्या पडल्या आणि मी शेफारले.

मिलच्या फाटकावर व्यंकटकाका राखणदार होते. फौजेतून निवृत्त झालेले आणि परवान्याची दुनळी बंदूक बाळगणारे. त्या दुनळीला पाहिलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. काका तिला हातात घेत, की आधी नळी उघडून आत बघत आणि जवळच्या माणसालाही दाखवत. "बघा, रिकामी हाय." दिवसातून दहा वेळा घेतली, तर दहाही वेळा. नळीचं तोंड कायम जमिनीकडे. मला असं उघडून कुणीच पाहत नव्हतं. खेळण्याला कोण विचारतो?

त्याच सुमारास अप्पांनाही बंदुकीचा परवाना मिळाला. मग काय विचारता! येताजाता ते फोनवरचे फोटो काकांपुढे धरायचे.

"व्यंकटराव, ह्यातली कोणती घ्यावी? ही बघा, कमरेला लावता येते."

"अप्पा, बंदूक मागनं निवडा," काका म्हणायचे. "आधी कुलूप दाखवा. गोळ्या कुठं ठेवणार ते सांगा. आन भ्यावानं घेऊन राहिलात का मिरवायला, ते बी सांगा."

अप्पा हसण्यावारी न्यायचे. मी मात्र ते फोटो टक लावून बघायची. मलाही खरं व्हायचं होतं. लाल बल्बाचं जिणं नको झालं होतं.

माझी इच्छा यात्रेत पुरी झाली. महाशिवरात्रीला मंजुश्रीनं एका पालावरून हिरवा लेझर घेतला. त्याच्यावर पिवळं त्रिकोणी लेबल होतं, डोळ्यावर मारू नका असं सांगणारं. तिला ते लेबलच आवडलं. तिनं ते अलगद सोलून आपल्या कंपासपेटीवर चिकटवलं आणि लेझर माझ्या पोटात बसवला. पुढे नांदेडच्या विज्ञान स्पर्धेत उदबत्तीच्या धुरातून माझी हिरवी रेघ पार छताला जाऊन टेकली. पहिला नंबर आला! विज्ञानाच्या सिंधुबाईंनी मात्र मंजुश्रीला बाजूला घेतलं.

"हा लेझर आजच काढ. ह्यानं डोळ्याचा पडदा भाजतो. दुखत न्हाई, म्हणून माणसाला कळत बी न्हाई."

"हाव बाई," मंजुश्री म्हणाली. पण खंडेनवमी तोंडावर आली होती, आणि मिलमधल्या सगळ्यांना तिला माझी करामत दाखवायची होती. पूजा झाली की काढू, असं तिनं ठरवलं. मला तर आनंदच झाला.

नवमीला पाट मांडला. त्यावर तराजू, नट आवळायचे पाने, पोत्यातून डाळीचा नमुना काढायची सळई, ट्रकची किल्ली. काकांनी दुनळी उघडली, सगळ्यांना रिकामी नळी दाखवली आणि मगच ती पाटावर ठेवली. तिच्या शेजारी मी. मला मात्र न उघडता तसंच ठेवलं. हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल आलं. मी दुनळीच्या बरोबरीला आले होते! काका हात जोडून वाकले, तेवढ्यात अप्पांना गंमत सुचली. त्यांनी मला उचललं.

"व्यंकटराव, तुमची आता म्हातारी झाली. ही बघा माझी निवड. हात वर!"

"अप्पा, नको!" मंजुश्री ओरडली. तोवर चाप ओढला गेला होता. काकांनी वर पाहिलं आणि माझा हिरवा झोत सरळ त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

"काही न्हाई, काही न्हाई," काका डोळा चोळत म्हणाले. आरतीही त्यांनीच म्हटली. दुसऱ्या दिवशी दसरा. अप्पांच्या हातात सोनं देताना काका थबकले. एकदा हा, एकदा तो डोळा झाकून त्यांनी पाहिलं.

"अप्पा, उजव्या डोळ्यानं तुमचं तोंडच दिसना. तिथं काळा डाग दिसून राहिलाय."

डॉक्टरांनी सांगितलं, पडदा मधोमध भाजला आहे. थोडंफार सुधारेल, पण पहिल्यासारखं होणार नाही. चष्म्याचाही उपयोग नाही. त्याच डोळ्यानं काका नेम धरायचे. त्यांनी आपण होऊन दुनळी पोलीस ठाण्यात जमा केली आणि फाटक सोडलं. आता ते आत वजनकाट्यावर बसतात, फाटकाकडे पाठ करून. अप्पांना ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर अप्पांना सोसलं असतं.

अप्पांनी बंदूक घेतली नाही. "खेळणं तपासलं न्हाई ज्यानं, तो खरी काय सांभाळणार?" एवढंच ते म्हणाले. मंजुश्रीनं रडत रडत लेझर काढला. कंपासपेटीवरचं पिवळं लेबल सोलून माझ्या मुठीवर चिकटवलं. आणि मी? मला खरी बंदूक व्हायचं होतं ना? झाले. एका क्षणापुरती झाले आणि एका भल्या माणसाचा डोळा घेऊन बसले. ते आठवलं की भिंतीवर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

यंदाच्या नवमीला पाटावर दुनळीची जागा मोकळी होती. अप्पांनी मला भिंतीवरून काढलं, तोंड जमिनीकडे धरून. माझं पोट उघडलं आणि ते काकांपुढे जाऊन उभे राहिले.

"व्यंकटराव, बघा. रिकामी हाय."

काकांनी मान जराशी वळवली, डावा डोळा पुढे आणला आणि बराच वेळ आत पाहिलं.

"हाव अप्पा, बघितली. ठेवा आता."

मित्रांनो, खेळणं असो की हत्यार, हातात घेतलं की आधी त्याचं तोंड कुणीकडे आहे ते बघा, मग पोटात काय आहे ते बघा. मला उघडून बघायला माझ्या माणसांना एक वर्ष उशीर झाला. तुम्ही करू नका.