हिरवा ठिपका

"आता टेबलाखाली धरून बघा," सिस्टर म्हणाल्या. "तेवढंच राहिलंय."

रेंजवाल्यांनी खरोखरच वाकून मीटर टेबलाखाली धरला. चेष्टा कळत नव्हती असं नाही, पण बावीस वर्षांच्या नोकरीत सांगितलेली जागा मोजायची, ही खोड अंगात मुरली होती. आकडा हलला नाही. दवाखान्याच्या दोन खोल्या, बाहेरचा ओटा, औषधांच्या कपाटामागची भिंत, सगळीकडे तेच. रेंज नावाची चीज औषधालासुद्धा नव्हती.

"नाही," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं," सिस्टर म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्यांना सगळे रेंजवालेच म्हणत, अगदी सासुरवाडीतसुद्धा. वस्तीवस्तीला जाऊन मोबाइलची रेंज मोजायची आणि नकाशावर ठिपका टाकायचा, हे त्यांचं काम. मिळाली तर हिरवा, नाही मिळाली तर लाल. लाल राहिलेल्या वस्तीला सरकार टॉवर उभारून देणार, हिरवीला नाही. धोरण एवढं सोपं होतं. मोठ्या शहरांत त्यावर परिषदा भरत. देश अठ्ठ्याण्णव टक्के जोडला गेला की साडेअठ्ठ्याण्णव, यावर तज्ज्ञ मंडळी घसा कोरडा होईपर्यंत भांडत. त्या टक्क्यांतले काही ठिपके आपण तंगडतोड करून टाकलेत, याचा रेंजवाल्यांना मनातून अभिमान होता. बायको मात्र म्हणायची, "साऱ्या दुनियेची रेंज मोजता आणि घरून लावला की तुमचाच फोन लागत नाही."

ही वस्ती नकाशावर तीन वर्षं हिरवी होती. सिस्टरांनी पाच हरकती घेतल्या. हरकत फक्त ऑनलाइन, तीही संगणकावरूनच घेत, म्हणून प्रत्येक वेळी सुट्टीच्या दिवशी तालुक्याला जाऊन. पाचही वेळा उत्तर आलं की आपली वस्ती हिरवी आहे. सहाव्या वेळी त्यांनी सोबत मृत्यूचा दाखला जोडला, तेव्हा कुठे फेरमोजणीचा हुकूम निघाला. ज्याने मोजलं त्यानेच पडताळायचं, असा नियम. अहवाल वस्तीच्या हद्दीतूनच पाठवायचा, हा दुसरा नियम. मुदत आज पाचपर्यंत.

निघताना मोठे साहेब म्हणाले होते, "फिरून ये आणि जैसे थे लिही. जुनी नोंद चुकली म्हणायचं तर मोजणारा चुकला म्हणावं लागेल. परवाना जाईल तुझा. या वयात दुसरं काय करणार आहेस?"

रेंजवाल्यांनी मान हलवून पेटी उचलली होती. साहेबांसमोर बोलायची सवयच नव्हती त्यांना.

सिस्टर हात पुसत आल्या आणि त्यांनी खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. जुन्या मोजणीची प्रत. रेंज उत्तम. 'ही जागा लोकांच्या रोजच्या वावरातली आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय'. खाली रेंजवाल्यांची सही आणि तिच्या शेजारी साक्षीदार म्हणून सुताराची. मोठ्या, सुट्या अक्षरांतली, खाली पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ मारलेली.

सही पाहिल्याबरोबर त्यांना तो दिवस आठवला. सकाळपासून सगळी वस्ती पालथी घातली होती आणि मीटर मख्ख होता. लाल ठिपका टाकून निघणार, तेवढ्यात त्यांची पेटी दिवसभर खांद्यावर वागवणारा सुतार म्हणाला होता, "साहेब, एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं तुम्हाला? चला वर खडकावर. तिथे मिळते." मागोमाग दहा-बारा माणसं वर चढली होती. मीटरवर चार काड्या भरल्या, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पाहुण्याला आपल्याकडचं चांगलं तेच दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यात आपलं नुकसान आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रेंजवाल्यांना ते ठाऊक होतं. पण खडक हद्दीत होता, दिवस कलत होता, आणि इतकी खुशीत आलेली माणसं समोर असताना लाल लिहायला त्यांचा हात धजला नाही. रोजच्या वावरातली जागा? येतात की इथे लोक. होय.

"सुतार कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

"दाखला कोणाचा जोडला होता, ते वाचलं नाहीत?"

त्यांनी वाचला नव्हता. फाइलमध्ये त्यांनी फक्त वस्तीचा क्रमांक पाहिला होता.

"मागच्या वर्षी करवत मांडीत गेली," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी दोन्ही हातांनी शीर दाबून धरली होती. हात काढला असता तर तिथेच संपलं असतं. मग फोन कोण करणार? सुतारवहिनी धावल्या खडकावर. पुढचं त्यांनाच विचारा. अहवाल पाठवायला तुम्हाला वर घेऊन जायला त्याच येणार आहेत."

सुतारीण दारात येऊन उभी होती. पन्नाशीची, काटक, पायांत जाड तळाच्या चपला. तिने रेंजवाल्यांना ओळखलं आणि चक्क हसली.

"या भाऊ. बारीक झालात."

खडकाची वाट दवाखान्यामागूनच चढत होती. पूर्वी नुसती घसरण होती. आता तिथे लाकडी फळ्या ठोकून पायऱ्या केल्या होत्या. रेंजवाल्यांना धाप लागली. ती पुढे चालत होती, आणि मागे न बघता बोलत होती.

"त्या दिवशी अँब्युलन्सला फोन लावला, तो तिसऱ्या खेपेला लागला. तिकडची बाई म्हणाली, वय काय, रक्त कुठून जातंय, भळाभळा येतंय की झिरपतंय, माणूस शुद्धीवर आहे का. मला काय ठाऊक? मी निघाले तेव्हा शुद्धीवर होते. म्हटलं, थांबा, बघून सांगते. खाली आले, सिस्टरांना विचारलं, परत वर गेले. तोवर फोन तुटलेला. पुन्हा लावला तर दुसराच माणूस. त्याने पहिल्यापासून सुरू केलं. वय काय."

"गाडी पाठवली नाही त्यांनी?"

"निघाली म्हणाले. पण रक्त थांबवायला मांडीला दोरी कशी बांधायची, ते सिस्टरांना डॉक्टर सांगतील म्हणाले, फोन सिस्टरांकडे द्या. आता खडकावरचा फोन सिस्टरांकडे कसा देऊ? ते सांगत गेले, मी पाठ करत खाली आले. निम्मं वाटेत विसरले." फळीवर पडलेला एक दगड तिने पायाने बाजूला सारला. "तिसऱ्यांदा वर आले तेव्हा विचारलं, श्वास चालू आहे का. म्हटलं, विचारून येते. धावत खाली आले. दारातूनच बघितलं तर सिस्टर नुसत्या उभ्या होत्या. हात मोकळे होते त्यांचे."

रेंजवाल्यांना वाटलं, आता हिने आपल्याला चार शिव्या घालाव्यात. निदान एक. पण ती पुढची फळी पायाने चाचपून वर चढली. शरमेने त्यांचे कान तापले होते आणि त्याचा तिला पत्ताही नव्हता.

खडकावर एक बाक होता. साधा, रुंद, पाठीला टेकायची सोय असलेला. कडा तासून गोल केलेल्या.

"तुम्ही गेलात आणि दुसऱ्या महिन्यात ह्यांनी केला," ती म्हणाली. "पायऱ्यासुद्धा. म्हणाले, आता सरकारदरबारी नोंद झाली खडकाची. माणसं येणार, बसायला नको का?"

रेंजवाले बाकावर बसले. चार काड्या. त्यांनी ऑफिसचं नवीन अॅप उघडलं आणि एकेक रकाना भरत गेले. दवाखाना, रेंज नाही. घरं एकोणीस, रेंज नाही. 'ही जागा लोकांच्या रोजच्या वावरातली आहे काय?' नाही. 'पूर्वीची नोंद चुकीची असल्यास चूक कोणाची?' खाली तीन पर्याय होते: यंत्राची, हवामानाची, मोजणाऱ्याची. हवामानाचा पर्याय फार सोयीचा होता. त्याने कोणाचंच काही जात नव्हतं. बोट त्यावर क्षणभर टेकलंही. मग त्यांनी तिसरा निवडला. साहेबांचा चेहरा, घराचा हप्ता, बायकोला काय सांगायचं, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, पण बोट मागे घेतलं नाही.

"वहिनी, साक्षीदाराची सही लागते. बोटाने करायची, इथे."

तिने बोट पदराला पुसलं आणि हळूहळू अक्षरं काढली. शेवटी खाली एक रेघ मारली. ती मात्र वाकडी गेली.

साडेचारला त्यांनी बटण दाबलं. अहवाल एका झटक्यात गेला. एवढा चटकन तो शहरातूनही जात नसे.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं."

"बरं झालं. आज लगेच गेलं."

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. अॅपचा निरोप होता. 'आपला अहवाल वस्तीच्या हद्दीतून यशस्वीरीत्या प्राप्त झाला. सबब वस्तीत सेवा उपलब्ध असल्याचे सिद्ध होत आहे. हरकत निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.' त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. 'आपण दिलेल्या कबुलीनुसार आपला मोजणी परवाना आजपासून स्थगित करण्यात येत आहे.'

त्यांनी दोन्ही निरोप पुन्हा वाचले. मग साहेबांना फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, ते यंत्र ठरवतं. माझ्या हातात काय आहे? आणि तुला काय सांगितलं होतं मी?" आवाज इतका स्वच्छ येत होता की साहेबांच्या खोलीतला पंखासुद्धा ऐकू येत होता.

तिच्यापासून लपवावं, असं एकदा मनात आलं. पण या बाईशी आणखी एक खोटं बोलायची त्यांची ताकद नव्हती.

"वहिनी, काही उपयोग झाला नाही. आपण इथून पाठवलं ना, म्हणून इथे रेंज आहे असं धरलं त्यांनी. वस्ती हिरवीच राहिली."

तिने वाकून खाली घरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण इथे आहेच की. त्यात खोटं काय?" आणि थोड्या वेळाने, "घरात आहे का, असं विचारलं नाही त्यांनी?"

"नाही."

"मग जाऊन सांगू का आपण?"

कोणाला सांगायचं, हे रेंजवाल्यांना माहीत नव्हतं. बावीस वर्षं नोकरी करून त्यांना हे माहीत नव्हतं, याचं त्यांना त्या क्षणी रडू आलं. त्यांनी तोंड फिरवून मीटर पेटीत भरायला घेतला. वायर नीट गुंडाळली जाईना.

ती वाकली आणि तिने पेटी उचलून खांद्यावर घेतली.

"अहो वहिनी, राहू द्या. जड आहे ती."

"असू दे. पाहुण्याला ओझं उचलू द्यायचं नाही, असं ह्यांचं होतं."

पेटी खांद्यावर घेऊन ती पुढे उतरू लागली. रेंजवाले मोकळ्या हातांनी मागून चालले. निम्म्या वाटेवर त्यांच्या खिशातल्या फोनची रेंज गेली. एक फळी तिच्या पायाखाली करकरली, तशी ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, "इथे जपून हां भाऊ. ही बदलायची राहिलीय."