द्राक्षाच्या वेलाला मच्छरदाणी

"या मांडवावर मी आता दोडका लावतो," गोकुळा म्हणाली आणि वेल तोडायला विळा घेऊनच अंगणात आली.

मूल तालुक्यातल्या आमच्या धानाच्या मुलखात द्राक्षाचा वेल लावणारा शहाणा एकच, तिचा नवरा मनसाराम. तळ्यात मासे धरणारा हा गडी नाशिककडे मजुरीला गेला आणि येताना लावायला वेलाची काडी घेऊन आला. वेलावर त्याची भारी माया. आता पानं पिवळी पडून मुडपायला लागली, तसा त्याचा जीव अर्धा झाला.

कृषी सहायक संघप्रिया येऊन पाहून गेली होती. तुडतुडे रस पितात आणि एका फांदीचा रोग दुसरीला लावतात, असं तिने सांगितलं. रोगट फांदी कापून टाकली आणि मित्रकिडीच्या अंड्यांची डबी दिली. अंड्यांतून अळ्या निघतील, त्या तुडतुडे खातील.

"एवढा हंगाम थांब," मनसारामने गोकुळाला हात जोडले. "गोड द्राक्षं नाई आले तं मीच तोडतो."

अंडी म्हटल्यावर त्याला आपली मासेवाल्याची विद्या आठवली. मत्स्यबीज सोडण्याआधी त्याला पाणी मानवावं यासाठी पिशवी तळ्यात तरंगत ठेवतात, म्हणून त्याने डबी घमेल्यातल्या पाण्यात तरंगत ठेवली. अंडी वेलावर सोडल्यावर वरून माशांना टाकतात तसा कोंडा भुरभुरला. शेवटी, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावतात तशी खाटेवरची सरकारी मच्छरदाणी काढून अख्ख्या मांडवाला बांधली.

पुन्हा आलेली संघप्रिया मांडव पाहून पोट धरून हसली. "मनसारामभाऊ, खायाले भेटून राह्यलं तं अळ्या काऊन पळतीन?"

"मासोळीचा बी भरोसा नसते बाई."

तेव्हापासून वेल मच्छरदाणीत आणि नवराबायको मच्छरांत. गोकुळा फटाफट मच्छर मारायची, त्यातला एखादा फटका नेमका नवऱ्याला बसायचा. पण अळ्यांनी आतले तुडतुडे फस्त केले, बाहेरच्यांना शिरायला वाट राहिली नाही, आणि वेल हिरवागार झाला.

घड लागले. पण इतके आंबट, की चाखायला आलेल्या शेजारच्या बापूरावचा एक डोळा संध्याकाळपर्यंत उघडला नाही. मनसाराम रडवेला होऊन विळा शोधायला लागला.

विळा गोकुळाकडे होता, ती मासे चिरत होती. घरात चिंच नव्हती, तेव्हा तिने मूठभर द्राक्षं ठेचून मासोळीच्या रश्शात टाकली. वास सुटला तसा बापूराव वाटी घेऊन दारात हजर. आता त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

सकाळी मनसाराम मच्छरदाणी सोडायला गेला. गोकुळाने त्याचा हात धरला.

"राहू दे वेलाले. आपल्याले दुसरी आण. दोडका कुंपणावर लावतो मी."